पडद्यावरचा आजारी हुकूमशहा

वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. त्यामुळे बर्लिनमधले ते तळघर, ३० एप्रिल १९४५ची ती दुपार आणि हिटलर व एव्हा ब्राउन यांची आत्महत्या या गोष्टी मराठी वाचकाला नव्याने सांगायला नकोत. पुस्तकात मात्र हिटलर दूर असतो. चित्रपटात तो आपल्यासमोर बसतो, जेवतो, दमतो, कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवतो. अशा माणसाचा शेवट पडद्यावर दाखवायचा तो कसा, हा या लेखाचा प्रश्न आहे.

२००४ साली ‘डेर उंटरगांग’ हा जर्मन चित्रपट आला. आपल्याकडे तो ‘डाउनफॉल’ या नावाने माहीत आहे. दिग्दर्शक ऑलिव्हर हिर्शबीगेल. इतिहासकार योआखिम फेस्ट यांचा ग्रंथ आणि हिटलरची सचिव ट्राउडल युंगे हिच्या आठवणी हे त्याचे आधार. हिटलरच्या छप्पन्नाव्या वाढदिवसापासून, म्हणजे २० एप्रिलपासून, बर्लिन पडेपर्यंतचे दिवस त्यात येतात. तुम्ही हा चित्रपट पाहिला नसला तरी त्यातला एक प्रसंग तुमच्या नातवंडांनी मोबाइलवर नक्की पाहिला असेल. श्टायनरचा हल्ला झालाच नाही हे कळल्यावर हिटलर सेनापतींवर तुटून पडतो, त्या दृश्याखाली भलतीच वाक्ये घालून जगभर विनोद झाले. विनोद गमतीचे असतात हे खरे, पण मूळ दृश्य पाहताना हसू येत नाही.

हिटलरची भूमिका करणारा ब्रुनो गांझ हा स्विस नट. त्याची तयारी वैद्यकीय नजरेने पाहण्यासारखी आहे. जून १९४२मध्ये हिटलर फिनलंडला मानरहाइम यांच्या वाढदिवसाला गेला होता. तिथल्या एका ध्वनितंत्रज्ञाने त्याचे खाजगी बोलणे सुमारे अकरा मिनिटे नकळत ध्वनिमुद्रित केले. भाषणातला आवाज सर्वांना माहीत आहे. साधा, खालच्या पट्टीतला आवाज एवढाच उरला आहे. गांझने तो ऐकून ऐकून उचलला. शिवाय स्वित्झर्लंडमधल्या एका रुग्णालयात जाऊन त्याने पार्किन्सनचे, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो त्याचे, रुग्ण पाहिले. हिटलरला हा विकार असावा असे अनेक मज्जाविकारतज्ज्ञांचे मत आहे. मार्च १९४५च्या एका चित्रफितीत तो लहान मुलांना शौर्यपदके देताना दिसतो आणि पाठीमागे धरलेला त्याचा डावा हात थरथरत असतो. चित्रपटाने हा प्रसंग वाढदिवसाच्या दिवशी नेला आहे, पण हात तोच. वाकलेली पाठ, घासत पडणारे पाऊल, मुखवट्यासारखा चेहरा हे सारे गांझने असे दाखवले आहे की वैद्यकाच्या विद्यार्थ्याने पाहून घ्यावे.

(जाता जाता एक गोष्ट, कारण ती माझ्या पेशाची आहे. हिटलरचा खाजगी डॉक्टर मोरेल त्याला पोटातल्या वायूसाठी ज्या गोळ्या देई, त्यांत कुचला आणि बेलाडोना यांचे अर्क होते. आमच्या होमिओपॅथीच्या पेटीत नक्स व्हॉमिका आणि बेलाडोना ही नावे रोजची आहेत. परंतु तिथे ती अतिसूक्ष्म मात्रेत असतात. इथे मूळ अर्क, आणि गोळ्या रोज मूठभर. नावे सारखी म्हणून गोष्ट सारखी होत नाही.)

अडचण इथूनच सुरू होते. हात थरथरणारा म्हातारा समोर आला की बघणाऱ्याचे मन आपोआप त्याच्याकडे झुकते. डॉक्टरला तर तेच शिकवलेले असते: रुग्ण कोण हे विचारायचे नाही, आधी नाडी बघायची. चित्रपटात तो शेवटचे जेवण सचिवांबरोबर घेतो आणि स्वयंपाकिणीचे कौतुक करतो. जेवण शाकाहारी. आम्हा जैनांना हे दृश्य जरा बोचते, कारण ‘हिटलरही शाकाहारीच होता’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी ऐकवतोच. त्यावर आमच्या शास्त्रातला द्रव्यहिंसा आणि भावहिंसा हा भेद सांगावा लागतो. ताटात काय आहे आणि मनात काय आहे हे तिथे वेगवेगळे मोजतात. मनातले काय, तेही चित्रपट दाखवतो. दुबळ्यांविषयी करुणा बाळगण्याची तो जेवणाच्या टेबलावरच निंदा करतो आणि जर्मन जनता नष्ट झाली तरी अश्रू ढाळणार नाही असे सांगतो.

म्हणून हिटलरला माणूस म्हणून दाखवले हा आक्षेप मला पटत नाही. तो माणूसच होता. माझी तक्रार वेगळी आहे: कॅमेरा सहसा तळघर आणि त्याभोवतीच्या बर्लिनच्या पलीकडे जात नाही. ऑक्टोबर १९३९मध्ये याच माणसाने एका कागदावर सही केली आणि त्यावर तारीख मागची, १ सप्टेंबरची घातली. असाध्य ठरलेल्या रुग्णांना मृत्यू देण्याचा अधिकार त्या कागदाने डॉक्टरांना दिला. त्यात शब्द होता ‘दयामरण’. मग रुग्णालयांकडून तक्ते भरून मागवले गेले. अपस्मार, हंटिंग्टनसारखे मज्जाविकार, वार्धक्यातले मनोविकार असे रकाने त्यांत होते. ऑगस्ट १९४१पर्यंत सत्तर हजारांहून अधिक रुग्ण विषारी वायूने मारले गेले. स्वतः कंपवाताने वाकलेल्या या माणसाविषयी दया वाटू लागते त्या क्षणी हा कागद आठवायला हवा, पण तो चित्रपटात नाही.

त्याहून खटकतो तो डॉक्टर शेंक. चित्रपटात तो औषधे शोधत जळत्या बर्लिनमधून फिरतो, जखमींसाठी धडपडतो. सर्वांत सज्जन माणूस तोच. प्रत्यक्षात या एसएस डॉक्टरचे नाव माउथाउझेन छळछावणीतल्या कैद्यांवरच्या आहारप्रयोगांशी जोडलेले आहे. इतिहासकारांनी हे दाखवून दिले, पण इतिहासकारांचे लेख वाचणारे किती आणि चित्रपट पाहणारे किती? ज्या ३० एप्रिलला हिटलर मेला, त्याच दिवशी सोव्हिएत सैन्य बर्लिनच्या उत्तरेला रावेन्सब्रुकच्या स्त्रियांच्या छावणीत पोहोचले. चालवत नेता येत नव्हते म्हणून मागे टाकलेल्या आजारी बायका तिथे होत्या. हे अंतर काही तासांच्या प्रवासाचे.

बाहेरचे जग खोलीत आणता येते याचे उदाहरण म्हणजे आर्मांडो इयानुची यांचा ‘द डेथ ऑफ स्टालिन’ (२०१७). हा उघड विनोदी चित्रपट आहे आणि तारखांची त्यात बरीच ओढाताण केली आहे. पण त्याचा गाभा खरा आहे. १ मार्च १९५३च्या रात्री स्टालिन पक्षाघाताने जमिनीवर पडलेला सापडला. आधी दिवसभर पहारेकरी भीतीने दार उघडत नव्हते, आणि सापडल्यावरही डॉक्टर आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याला वर्षानुवर्षे तपासणारे डॉक्टर विनोग्रादोव्ह तेव्हा तुरुंगात होते. जानेवारीत ‘प्रावदा’ने डॉक्टरांचा कट जाहीर केला होता आणि क्रेमलिनचे नामांकित डॉक्टर कोठडीत मार खात होते. जे आले त्यांनी जळवा लावल्या. नाडी बघताना त्या डॉक्टरांचे हात कापत होते, असे तिथल्या पहारेकऱ्याने पुढे सांगितले. चित्रपटात मंत्रिमंडळी पडलेल्या देहाभोवती उभी राहून चांगला डॉक्टर आता उरलाय कोण याची चर्चा करतात. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता त्याला कळते की हे डॉक्टर कुठे गेले. वेगळे भाषण लागत नाही.

दोन्ही चित्रपट पाहणार असाल तर आधी जर्मन, मग हा पाहावा. जर्मनीत ‘डाउनफॉल’वर भरपूर वाद झाला आणि तो चालला. रशियात ‘द डेथ ऑफ स्टालिन’चा परवाना जानेवारी २०१८मध्ये, प्रदर्शनाच्या तोंडावर, काढून घेण्यात आला.