ओळखींचे नकाशे (भाग ४) : ‘गोव्यात कुठले?’

मागच्या भागात ग्रेट ब्रिटन हे बेट आणि युनायटेड किंग्डम हे राज्य यांतला फरक पाहिला. बेटावर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स. राज्यात त्यांच्या जोडीला उत्तर आयर्लंड. एवढं पाठ करता येतं. पण स्कॉटिश माणसाला इंग्रज म्हटलं की त्याला ते का लागतं, हे पाठांतराने कळत नाही. त्यासाठी भाईंदर स्टेशनवरून उत्तनकडची बस पकडावी आणि पालीला जावं.

पाली हे कोळ्यांचं गाव. किनाऱ्याला होड्या, दोऱ्यांवर वाळणारे बोंबील, वाटेवर क्रूस. आडनावं पोर्तुगीज वळणाची, बोली मात्र मराठी. ‘पाणी’चं ‘पानी’, ‘काळा’चं ‘काला’, ‘होडी’ची ‘होरी’. उत्तर कोकणातल्या हिंदू आगरी-कोळ्यांच्या तोंडीही हेच उच्चार आहेत. तरी पालीच्या माणसाने मुंबईत आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : गोव्यात कुठले? ते गोव्यातले नाहीतच. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशाहाने वसईच्या तहात साष्टी, म्हणजे पालीच्या आसपासचा हा मुलूख, पोर्तुगीजांना दिली, त्याच्याही आधीपासून या किनाऱ्यावर नांदणाऱ्या समाजांचे ते वंशज. त्यानंतरच्या काळात धर्म बदलला, आडनावं बदलली. जमीन, धंदा आणि भाषा तीच राहिली.

हा समाज स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर राहून पूर्वेचं नाव कसं, असं कोणालाही वाटेल. ते दिशेवरून आलेलं नाही, ईस्ट इंडिया कंपनीवरून आलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात गोव्यातून आणि मंगळुरातून अनेक ख्रिस्ती माणसं नोकरीसाठी मुंबईत आली. आडनावं सारखी, चर्च तेच. पण गोव्याचा माणूस पोर्तुगालच्या राजाचा प्रजाजन होता आणि साष्टी तोवर ब्रिटिशांकडे आलेली असल्याने तिथला माणूस ब्रिटिशांचा. इथल्या ख्रिस्ती लोकांना सरसकट ‘पोर्तुगीज’ म्हणण्याचीही रीत होती, त्यामुळे घोळ आणखी वाढे. शेवटी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली आणि स्थानिकांनी वेगळं नाव धारण केलं. हे नाव निवडण्यामागे सरकारी नोकरीतल्या हक्काचा हिशोब होता, हे लपवण्याचं कारण नाही. पोट भरायचं असेल तर आपण कोण हे सरकारला कळावंच लागतं. आज मात्र कॅनडात ‘ईस्ट इंडियन’ म्हणजे भारतातून आलेला कोणीही!

ब्रिटनमध्येही राज्य, भूमी आणि बोली यांच्या सीमा अशाच एकमेकींवर नीट बसत नाहीत. क्रिकेटमध्ये तर आपण त्या रोज ओलांडतो. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर भारताचा डाव ४२ धावांत गुंडाळणाऱ्या इंग्लंडचा कर्णधार माइक डेनेस जन्माने स्कॉटिश. पुढे २००१ मध्ये सामनाधिकारी म्हणून सचिनवर कारवाई करणारा डेनेस तो हाच. आपण त्याला इंग्रज म्हणून मोकळे झालो. २०१९ चा विश्वचषक इंग्लंडला जिंकून देणारा ऑइन मॉर्गन डब्लिनचा, आणि डब्लिन तर युनायटेड किंग्डममध्येही नाही.

उच्चारांचंही तसंच. ‘ब्रिटिश अ‍ॅक्सेंट’ नावाचा एकच उच्चार शोधून सापडणार नाही. लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्यात जेमतेम ५० किलोमीटरचं अंतर, पण दोन वाक्यांत तिथला माणूस ओळखतो की समोरचा कुठला. आपल्याकडे एवढंही अंतर लागत नाही. पालीच्या उत्तरेला खाडी ओलांडली की वसई. तिथल्या सामवेदी ख्रिस्ती लोकांची कादोडी पालीच्या कोळी बोलीहून स्पष्ट वेगळी आहे. आपण मात्र दोघांनाही ‘वसईकडचे’ म्हणतो आणि विषय संपवतो. मला हे खटकतं, कारण विचारायला एक वाक्य पुरतं आणि सांगणाऱ्याला ते सांगायचं असतं.

असे फरक ओळखण्याचा उपयोग काय, हे याच किनाऱ्याशी नातं असलेल्या एका माणसाने दाखवलं. ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव उत्तन, ते जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा ईस्ट इंडियनच. जन्म १८६४, माझगाव. केंब्रिजला शिकले, टिळकांचे निकटचे सहकारी झाले, १९१६ मध्ये बेळगावात स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. होमरूलची कल्पना आयर्लंडची. तेव्हा सगळं आयर्लंड युनायटेड किंग्डममध्ये होतं, आयरिश खासदार लंडनच्या संसदेत बसत आणि तरीही आपला कारभार आपल्या हाती मागत. समुद्रापलीकडचे सगळेच इंग्रज असं धरून चालणाऱ्याला त्यात आपल्या उपयोगाचं काही दिसलं नसतं. टिळक-बॅप्टिस्टांना ते दिसलं आणि त्यांनी ती मागणी इथे आणली.

१९२२ मध्ये आयर्लंडच्या ३२ परगण्यांपैकी २६ वेगळ्या राज्यात गेले, सहा युनायटेड किंग्डममध्ये राहिले. त्या सहा परगण्यांत स्वतःला ब्रिटिश म्हणणारे कोण आणि आयरिश म्हणणारे कोण, हे पुढच्या आठवड्यात.