अर्थसंकल्पावरील मत आणि मतदाराचा हिशेब

सातारा जिल्ह्यातील म्हसवड हे माणगंगेच्या काठचे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेले आहे. २०१२-१३ आणि २०१८-१९ या अवर्षणाच्या वर्षांत या परिसरात जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. माण व खटाव तालुक्यांना पाणी देण्यासाठी आखलेल्या उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांवर राज्याच्या तिजोरीतून वर्षानुवर्षे खर्च झाला. अशा भागात कोणत्या कामास किती पैसा मिळतो, हा निर्वाहाचा प्रश्न होय. म्हणून ‘या खर्चावर आपण कोणते मत दिले?’ असे येथील मतदाराने आपल्या आमदारास विचारणे सर्वथा न्याय्य आहे. परंतु या साध्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कोठेही नोंदलेले आढळत नाही.

हा मताधिकार सहज मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सभासदांना अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा दिली, मतदानाची नाही. १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केलेली अर्थसंकल्पाची मर्मभेदी चिकित्सा याच मर्यादेत झाली. १९१९ च्या कायद्यान्वये प्रांतिक कौन्सिलांना अनुदानाच्या मागण्यांवर मत देता येऊ लागले. तथापि नामंजूर रक्कम पुन्हा कायम करण्याचा अधिकार काही बाबतींत गव्हर्नराकडे राहिला. आज संविधानाच्या अनुच्छेद २०३ नुसार भारित खर्च वगळता प्रत्येक मागणी मंजूर करणे, नाकारणे वा कमी करणे हा विधानसभेचा अधिकार आहे. विधान परिषदेस तो नाही.

हा अधिकार व्यवहारात कसा बजावला जातो, हे पाहणे उद्बोधक आहे. मागण्यांवरील चर्चेस ठराविक दिवस असतात. ती मुदत संपताच उरलेल्या मागण्या चर्चेविना मतास टाकल्या जातात आणि आवाजी मतदानाने संमत होतात. मतविभागणी मागितली गेली तरच ‘होय’ व ‘नाही’ म्हणणाऱ्यांची नावे नोंदविली जातात. आवाजी मतदानात सभागृहाचा निर्णय कळतो, सभासदाचा कळत नाही. तो उपस्थित होता की नाही, हेही त्यावरून सांगता येत नाही.

दुसरा अडसर पक्षादेशाचा. १९८५ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे पूर्वपरवानगीवाचून पक्षादेशाविरुद्ध मत देणारा अथवा तटस्थ राहणारा सभासद, पक्षाने पंधरा दिवसांत क्षमा न केल्यास, अपात्र ठरू शकतो. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने या बंधनाचा संकोच सुचविला. पण विश्वासदर्शक व अविश्वासाच्या प्रस्तावांबरोबर धनविधेयकही तिने बंधनाखालीच ठेवले. १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूची वैध ठरविताना, पक्षादेश सरकारच्या अस्तित्वाशी वा पक्षाच्या मूलभूत धोरणाशी निगडित बाबींपुरता मर्यादित असावा, असे मत दिले. यामागील युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही: खर्चास नकार मिळाला तर शासन चालणार कसे?

तथापि येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. सभासदाने स्वतंत्रपणे मत द्यावे काय, हा एक. दिलेले मत जनतेस कळावे काय, हा दुसरा. पहिल्याबाबत मतभेद संभवतात. दुसऱ्याने मात्र कोणत्याही सरकारचे आसन डळमळत नाही. ब्रिटनच्या कॉमन्स सभेत पक्षशिस्त कडक असूनही मतविभागणीच्या याद्या १८३६ पासून अधिकृतपणे प्रसिद्ध होतात. पक्षादेशाने बांधलेले मतही नोंदले गेले, तर सभासदाने पक्षाची आज्ञा व मतदारसंघाची निकड यांपैकी कशास मान दिला, हे तरी स्पष्ट होते.

तोवर मतदारास अप्रत्यक्ष पुराव्यावर विसंबावे लागते. आमदाराने कोणती कपात सूचना दिली, पुरवणी मागण्यांवर तो काय बोलला, लेखापरीक्षा अहवालातील आक्षेपांचा पाठपुरावा लोकलेखा समितीत झाला काय, हे विधानमंडळाच्या कागदपत्रांतून शोधता येते. कपात सूचनेत मागणी एक रुपयापर्यंत कमी करण्याचा प्रस्ताव असला, तरी तिचा रोख धोरणावर असतो, हे अभ्यासकाने ध्यानी घ्यावे.

तात्पर्य, निवडणुकीत मतदार जे मत देतो ते गुप्त असावे, कारण ते त्याचे स्वतःचे असते. प्रतिनिधीचे मत उघड असावे, कारण ते दुसऱ्यांच्या वतीने दिलेले असते. हा भेद मान्य केल्यास, निदान मागण्यांवरील मतदान नावनिशीवार नोंदविणे हे उत्तरदायित्वाचे पहिले पाऊल ठरेल.