शेतावरील कॅमेरे व त्यांची राखण

विहिरीवरील पंप, खळें व गोठा यांवर नजर ठेवण्याकरितां पुष्कळ बागाइतदार बंधू हल्लीं इंटरनेटचे कॅमेरे बसवितात. सोय उत्तम आहे; परंतु कुलूप कच्चें असल्यास मालकास जें घरबसल्या दिसतें तें चोरासही दिसतें, व शेतावर कोणी नाहीं हें त्यास आयतेंच कळतें.

एका जातीच्या अनेक कॅमेऱ्यांना कारखान्यांतूनच एकसारखा पासवर्ड दिलेला असे. जुन्या व स्वस्त मालांत तो अद्यापि आढळतो. सन २०१६ मध्यें ‘मिराई’ नामक घातक प्रोग्रामनें असे साठांवर ठराविक पासवर्ड लावून लाखों कॅमेरे व तत्सम यंत्रें काबीज केलीं. २१ आक्टोबर रोजीं त्यांच्याच मार्‍यानें अमेरिकेंतील डाइन कंपनीची सेवा कोलमडली व ट्विटरादि संकेतस्थळें कांहीं तास अनेकांस उघडेनात. यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यास मिराई निघून जाई. पण पासवर्ड जुनाच असल्यास लागलीच परत शिरे.

म्हणून आमची सूचना अशी :

१. यंत्र बसवितांच पासवर्ड बदलून लांब व निराळा ठेवावा. तो घरच्या वहींत नोंदावा, मिस्त्रीपाशीं राहूं देऊं नये.

२. राउटरमधील पोर्ट फॉरवर्डिंग व यूपीएनपी बंद करावें. बाहेरून पाहणें झाल्यास व्हीपीएन वापरावें.

३. मोबाइलवरील अ‍ॅपच्या खात्यास, सोय असल्यास, ओटीपीची जोड द्यावी.

४. फर्मवेअरची सुधारणा वेळोवेळीं करावी. ज्या कॅमेऱ्यास ती मिळेनाशी झाली, तो इंटरनेटपासून तोडावा.

५. घराच्या अंतर्भागाकडे कॅमेऱ्याचें तोंड करूं नये.

या कामास एक दुपार पुरे; ती दवडूं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.