लोकरीचा हत्ती आणि सहाचा पाढा

सातारा जिल्ह्यातल्या एका उन्हाळी शिक्षक-शिबिरात आम्ही गोलाचे पृष्ठफळ शिकवायला गेलो होतो. दुपारच्या सुट्टीत कार्यानुभव शिकवणाऱ्या एक बाई कोपऱ्यात क्रोशाची सुई घेऊन बसल्या होत्या. समोर करड्या लोकरीचा गुंडा, आणि हातात हत्तीचे डोके. त्यांचे ओठ हलत होते. जवळ गेल्यावर ऐकू आले, सहाचा पाढा चालला होता. सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस, छत्तीस.

"बाई, दर फेरीला सहाच टाके का वाढवायचे?" आम्ही विचारले.

"पाच वाढवले तर वाटी होते, सात वाढवले तर झालर होते. सहाला पोळीसारखे सपाट बसते," त्या म्हणाल्या. "का, ते तुम्ही सांगा सर."

त्या 'का'चे उत्तर आम्ही तिथल्या तिथे दिले. पण त्यावर विसंबून पुढे जे केले त्यात आमची फजिती झाली. दोन्ही गोष्टी वर्गात उपयोगी पडतील असे वाटते, म्हणून हा लेख.

आधी थोडी ओळख. क्रोशात सुईवर एका वेळी सहसा एकच फास जिवंत असतो. सुई खालच्या टाक्यात घालायची, दोरा ओढून घ्यायचा, आणि सुईवरच्या दोन फासांतून पुन्हा दोरा काढायचा. हा सर्वांत साधा आखूड टाका, आपल्याकडे त्याला मुका खांब म्हणतात. खेळण्यांसाठी तोच वापरतात, कारण त्याची वीण घट्ट असते आणि आतला कापूस बाहेर डोकावत नाही. लोकरीचे असे कापूस भरलेले प्राणी करण्याची कला जपानमधून जगभर गेली. तिचे 'अमिगुरुमी' हे नाव विणणे आणि भरलेले खेळणे या अर्थाच्या दोन जपानी शब्दांच्या जोडीतून आले आहे. आपल्याकडे बाळाची टोपरी, तोरणे आणि टीव्हीवरचे रुमाल याच सुईने होत आले आहेत.

सुरुवात एका सरकत्या फासात सहा टाके घालून होते. मग गोल गोल फेऱ्या. टाके वाढवायचे म्हणजे खालच्या एका टाक्यात दोन टाके घालायचे; घटवायचे म्हणजे खालच्या दोन टाक्यांचा मिळून एक करायचा. हत्ती असो की ससा, सारी रचना एवढ्या दोन क्रियांतून होते.

आता सहाचे कारण. वर्तुळाची त्रिज्या १ सेंमी वाढली की परीघ २π, म्हणजे सुमारे ६.२८ सेंमी वाढतो. त्रिज्या आधी २ सेंमी होती की २०० सेंमी, याने काही फरक पडत नाही. प्रत्येक फेरीने चकतीची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते. टाका जेवढा उंच तेवढाच रुंद असेल, तर दर फेरीला परिघावर ६.२८ टाके जास्त हवेत. मुका खांब उंचीपेक्षा किंचित रुंद असतो, त्यामुळे प्रत्यक्षात सहा पुरतात, आणि उरलासुरला फरक लोकर ताणून भरून काढते. हे खरे की नाही ते तपासता येते. सुईवर आधी एक वेढा घेऊन घातलेला लांब टाका, म्हणजे खांब, मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट उंच असतो. मग सपाट चकतीसाठी दर फेरीला बारा टाके वाढवावे लागले पाहिजेत. खांबाचे गोल रुमाल विणणाऱ्या कोणालाही विचारा, त्या बाराच सांगतील.

इथवर आमचा रुबाब टिकला. मग आम्ही म्हणालो, "डोके गोल हवे ना? त्याचे टाके आम्ही गणिताने काढून देतो."

आम्ही चौकटीच्या कागदावर वर्तुळ काढले. एक चौकट म्हणजे एक टाका, व्यास साडेअकरा चौकटी, म्हणजे मध्यावर छत्तीस टाके. वरून खाली एकेक चौकट उतरत गेलो, प्रत्येक पातळीवर वर्तुळाची रुंदी मोजली, तिला π ने गुणले आणि टाक्यांची यादी बाईंच्या हातात ठेवली. पहिल्याच ओळीत आकडा होता २०.

बाई हसल्या. "सर, पहिल्या फेरीत वीस टाके घातले तर तोंडच बंद होणार नाही. आणि तुमच्या फेऱ्या अकरा. माझ्या सतरा होतात." त्यांनी सुतळीचा एक तुकडा घेतला, आमच्या वर्तुळाच्या कडेवर वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ठेवला, आणि तो सरळ करून चौकटींवर मोजला. अठरा चौकटी भरल्या.

चूक लक्षात आली. लोकर गोलाच्या आतून उभ्या रेषेत उतरत नाही, ती पृष्ठभागावरून चालते. गोलाच्या माथ्याजवळ पृष्ठभाग जवळजवळ आडवा असतो. तिथे एक टाका पुढे जाऊनही आपण खाली फारसे उतरलेलो नसतो. फेऱ्यांची संख्या व्यासावरून नव्हे तर कडेच्या लांबीवरून ठरते. गोलाच्या माथ्यापासून तळापर्यंत पृष्ठभागावरून अंतर πR, आणि मध्यावरचा परीघ २πR, म्हणजे बरोबर दुप्पट. म्हणून मध्यावर छत्तीस टाके असतील तर माथ्यापासून तळापर्यंत अठरा टप्पे हवेत. बाईंच्या सतरा फेऱ्या, आणि शेवटी दोरा ओढून तोंड बंद करणे हा अठरावा टप्पा. पृष्ठफळ शिकवायला आलेल्या माणसांनी हे विसरावे, हे काही बरे झाले नाही.

रात्री आम्ही हिशेब नव्याने केला. माथ्यापासून दर टप्प्याला १० अंश खाली उतरायचे, आणि टाके ३६ गुणिले त्या कोनाचे साइन. आकडे असे आले: ६, १२, १८, २३, २८, ३१, ३४, ३५, ३६, आणि मग त्याच क्रमाने उलटे. बाईंचे आकडे: ६, १२, १८, २४, ३०, ३६, मग छत्तीसच्याच आणखी सहा फेऱ्या, आणि मग ३० पासून खाली. पहिल्या तीन फेऱ्या तंतोतंत जुळल्या. चौथ्या फेरीला एका टाक्याचा फरक, पाचव्याला दोनाचा, सहाव्याला मात्र ३१ विरुद्ध ३६.

म्हणजे बाई जे विणतात तो गोल नाहीच. ती एक सपाट चकती, तिच्याखाली सरळ नळी आणि तळाला पुन्हा चकती, थोडक्यात झाकणासकट डबा आहे. टोपऱ्याची विणही अशीच असते: माथ्याची चकती पुरेशी मोठी झाली की वाढवणे थांबवायचे आणि सरळ खाली उतरायचे. आम्हाला वाटले, चला, इथे तरी आमचे गणित वरचढ ठरले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन्ही याद्यांप्रमाणे एकेक डोके विणले. रिकामे असताना फरक उघड दिसत होता. आमचे वाडग्यासारखे सुबक गोल, त्यांच्या डोक्याला खांदे. मग दोन्हींत कापूस ठासून भरला. भरण्याचा दाब आतून सर्व दिशांना पडतो, टाके सरकतात, लोकर ताणते, आणि खांदे बुजतात. घट्ट भरलेली दोन्ही डोकी शेजारी ठेवली, तेव्हा कोणते कोणाचे हे बऱ्याच जणांना ओळखता आले नाही. हलक्या हाताने भरल्यावर मात्र बाईंच्या डोक्याचे खांदे पुन्हा दिसू लागले.

आमच्या डोक्याला एकूण ४१० टाके लागले, त्यांच्या डोक्याला ४३२. सूत्रानेही हे पडताळता येते. त्रिज्या १८ भागिले π, म्हणजे ५.७३ टाके, पृष्ठफळ ४πR² सुमारे ४१२ चौरस टाके. टाके मोजून पृष्ठफळ काढण्याचा हा प्रयोग वर्गात जरूर करावा, सूत्राचा पुरावा म्हणून नव्हे, पण 'पृष्ठफळ म्हणजे काय' हे बोटांना कळावे म्हणून.

पण बाईंची पद्धत आम्ही चूक म्हणणार नाही. २३, २८, ३१ हे आकडे पाठ होत नाहीत. दर फेरीला कागद पाहावा लागतो, आणि अठ्ठावीसमध्ये तीन टाके सारख्या अंतरावर वाढवायचे तर नीट बसत नाहीत. सहाचा पाढा मात्र गप्पा मारतानाही म्हणता येतो, आणि चूक झाली तर फेरीच्या शेवटी लगेच कळते. बावीस टाके जास्त घालून डोक्यावरचा भार कमी करून घेतलेला आहे. आमच्या प्रयोगशाळेतही आम्ही असे सौदे रोज करतो आणि त्यांना 'सन्निकटन' असे भारदस्त नाव देतो.

सुतळीची युक्ती केवळ गोलापुरती नाही. भोवरा, पेरू, बाटली, कासवाची पाठ, मध्याभोवती फिरवून होणारा कोणताही आकार घ्या. त्याची अर्धी कड चौकटीच्या कागदावर काढा. कडेवरून एकेका टाक्याच्या उंचीच्या अंतराने खुणा करा. प्रत्येक खुणेपासून मध्यरेषेपर्यंतचे अंतर चौकटींत मोजा आणि त्याला सहाने गुणा. हीच टाक्यांची यादी. तिचा आलेख काढला तर खेळण्याची बाजूची आकृती जराशी ताणून काढल्यासारखा दिसतो. मान आली की आकडे उतरतात, पोट आले की चढतात.

सहापेक्षा कमी वाढवले तर काय, हे कागदावर आधी पाहून घ्यावे. कागदाची चकती अर्धी कापून तिच्या सरळ कडा जोडल्या की शंकू होतो, आणि त्याचे टोक ६० अंशांचे असते. लोकरीत हेच दर फेरीला सहाऐवजी तीन टाके वाढवून होते. पक्ष्याची चोच, उंदराचे नाक यांसाठी तीन. चार वाढवले की टोक बोथट होते. कागद कापून टाकावा लागतो, लोकरीत तो भाग मुळात विणलाच जात नाही, एवढाच फरक.

सहापेक्षा जास्त वाढवले तर परीघ जागेत मावत नाही आणि झालर पडते. बाईंच्या दृष्टीने ही चूक, पण गणितात तिला मोठा मान आहे. अशा पृष्ठावर प्रत्येक बिंदूपाशी घोड्याच्या खोगिरासारखा बाक असतो आणि युक्लिडचे समांतर रेषांचे गृहीतक तिथे चालत नाही. १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या मूळच्या लाटवियाच्या गणितज्ञ बाईंनी हे अतिपरवलयी पृष्ठ क्रोशाने विणून दाखवले. विद्यार्थ्यांच्या हाती द्यायला कागदाची प्रतिकृती फार नाजूक होती. कृती सोपी आहे: दर पाच टाक्यांमागे एक वाढवत राहायचे. वीस टाक्यांपासून सुरुवात केली तर दहा फेऱ्यांनी सुमारे १२४ टाके होतात, आणि वीस फेऱ्यांनी साडेसातशेच्या वर. चक्रवाढीचा धडा शिकवताना हा नमुना हाती असावा.

हत्तीकडे परत येऊ. सोंड ही बारा टाक्यांची नळी, पण ती वाकवायची कशी? बाई प्रत्येक फेरीचा अर्धा भाग मुक्या खांबाने विणतात आणि उरलेला अर्धा त्याहून जरा उंच टाक्याने. उंच टाक्यांची बाजू लांब होते आणि सोंड आखूड बाजूकडे वळते. तापवल्यावर द्विधातू पट्टी याच कारणाने वाकते; खिडकीतले रोप उजेडाकडे झुकते तेही सावलीकडची बाजू जास्त वाढल्याने. हिशेब करून पाहा. टाका ५ मिमी रुंद, तर नळीचा व्यास सुमारे १९ मिमी. दोन बाजूंच्या उंचीत २ मिमी फरक असेल तर एका फेरीला साधारण ६ अंश वळण मिळते, पंधरा फेऱ्यांत काटकोन. फक्त एक सांभाळावे लागते. गोल विणताना टाके सरळ एकावर एक चढत नाहीत, ते एका बाजूला किंचित कलतात. मध्यावर वेगळ्या रंगाचा दोरा ठेवून खूण केली नाही तर सोंड वळता वळता पिळते. आमच्या पहिल्या सोंडेचा पिळाचा जिलबीसारखा नमुना अजून कपाटात आहे.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलांना मोठा हत्ती हवा होता. आम्ही सगळे आकडे दुप्पट केले. लोकर चौपट लागली हे अपेक्षितच होते. कापूस आठपट लागला. हत्ती उभा केला आणि त्याचे चारही पाय गुडघ्यात मुडपले. वजन जवळजवळ आठपट, पायांचा छेद मात्र चौपट, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा भार दुप्पट. हाडांच्या बाबतीत गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात हेच लिहिले आहे. मोठ्या प्राण्याचे हाड केवळ मोठे असून भागत नाही, ते प्रमाणाबाहेर जाड लागते. आम्ही पाय उसवले, चौदा टाक्यांऐवजी वीस टाक्यांचे केले आणि त्यांत कापूस काठीने ठासला. मग तो उभा राहिला आणि खऱ्या हत्तीसारखाही दिसू लागला. टाके न वाढवता हत्ती मोठा करायचा असेल तर दोन दोरे एकत्र धरून जाड सुईने विणावे. छेद दुप्पट होतो, जाडी सुमारे १.४ पट, आणि हत्तीही तेवढाच वाढतो.

एक सूचना व्यवहाराची. लहान मुलांच्या खेळण्याला मणी किंवा बटणांचे डोळे लावू नयेत, ते निघून तोंडात जातात. काळ्या दोऱ्याने भरतकाम करावे.

एक प्रश्न मात्र आम्ही सोडवू शकलो नाही, तो अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडे सोपवतो. बाई पाय वेगळे विणून शेवटी शिवतात. चार पाय आणि पोट एकसंध विणायचे तर जांघेपाशी पृष्ठ खोगिरासारखे वळते, म्हणजे तिथे सहापेक्षा जास्त टाके हवेत. ते नेमके किती आणि कुठे वाढवावेत, की जोड दिसू नये आणि झालरही पडू नये? आमचे तीन प्रयत्न उसवून झाले आहेत, आणि प्रत्येक वेळी जांघेत भोक राहिले.