पाच मिनिटांचा पीळ

सोलापुरी चादर धुणं आईला कधी जड गेलं नाही. दगडावर पसरायची, साबण लावायची, ब्रशनं घासायची, बादलीत खळबळून काढायची. अडायचं ते शेवटी. पाणी प्यालेली चादर एका माणसाच्या मनगटाला आवरत नाही. मग मोरीतून हाक यायची, "धुतलंय मी सगळं, पिळायला तेवढा ये रे." एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. दोघांनी आपापल्या उजवीकडे पीळ देत जायचा. चादरीचा जाडजूड दोर व्हायचा, पाणी धो-धो गळायचं आणि तरीही वाळत घातल्यावर खालच्या काठातून संध्याकाळपर्यंत ठिबकत राहायचं.

पुढं तिच्या मनगटात कायमची कळ राहिली. धुणं तिनं सोडलं नाही, पिळणं मात्र सुटलं. आमच्याकडे दोन टाक्यांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन आलं ते यासाठी. नव्वदीच्या आसपास मराठवाड्यातल्या व्हिडिओकॉनपासून अनेक कंपन्यांची अशी मशीनं मध्यमवर्गीय मोऱ्यांमध्ये येऊन बसली. बायका कौतुकानं सांगायच्या ते धुलाईच्या टाकीबद्दल कमी आणि शेजारच्या लहान टाकीबद्दल जास्त. मला ते पूर्ण पटतं. कपडे घासायला दगड होता, ब्रश होता, धोपाटणं होतं. पिळायला मनगटाशिवाय काहीही नव्हतं.

त्या लहान टाकीला आपण सर्रास 'ड्रायर' म्हणतो. पण तिच्यात ना ऊब असते, ना गरम वारा. ती वाळवत नाही, पिळते, आणि तेही पीळ न देता. भोकं पाडलेला ड्रम मिनिटाला साधारण १३०० फेरे घेतो. ड्रमचा व्यास २४ सेंटिमीटर धरला, तर त्याची कड ताशी जवळपास ६० किलोमीटर वेगानं धावत असते. कपड्याला सरळ रेषेत निसटायचं असतं, ड्रमची भिंत त्याला वळवून आत ठेवते. पाण्याला मात्र भोक सापडतं. भिंतीलगतचा एक किलोचा ओला टॉवेल तिच्यावर दोनशे किलोंहून जास्त भारानं दाबला जातो. वेग दुप्पट झाला की हा भार चौपट होतो. म्हणून मिनिटाला किती फेरे हा आकडा मशीनवर इतक्या ठळकपणे छापलेला असतो.

हीच करामत साखर कारखान्यात रोज चालते. उसाचा रस आटवून झालेलं दाट मिश्रण जाळीच्या ड्रममध्ये फिरवतात, मळी बाहेर फेकली जाते आणि साखरेचे दाणे जाळीवर राहतात. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या मोठ्या लॉन्ड्रीत, रंगकामाच्या कारखान्यांत हेच यंत्र 'हायड्रो' नावानं ओळखलं जातं. मोरीतली टाकी ही त्यांची धाकटी बहीण.

खरा प्रश्न असतो तोलाचा. सुरू केल्यावर पहिले काही क्षण मशीन धडधडतं, अंग घुसळतं, आणि मग एकाएकी शांत होऊन एका सुरात घुमू लागतं. प्रत्येक झुलत्या वस्तूची आपली एक लय असते. ड्रमचा वेग त्या लयीशी जुळतो तेव्हा धक्के सगळ्यात मोठे बसतात. तो टप्पा ओलांडला की ड्रम कपड्यांसकट आपल्या खऱ्या भारमध्याभोवती फिरू लागतो. म्हणून तो स्प्रिंगांवर मोकळा ठेवलेला असतो. अमेरिकेत १९३७ साली बेंडिक्सनं घरगुती स्वयंचलित मशीन आणलं, त्यात अशी सोय नव्हती. ते जमिनीला बोल्टनं जखडावं लागायचं.

आताच्या फ्रंट लोड मशीनमध्ये टाकीला सिमेंटचं वजन बांधलेलं असतं. ते उचलताना कंबर मोडते ती त्या वजनापायी. वरून उघडणाऱ्या बऱ्याच ऑटोमॅटिक मशीनमध्ये याहून देखणी युक्ती आहे. ड्रमच्या वरच्या कडेला एक पोकळ कडं, आणि त्यात अर्धवट भरलेलं मिठाचं पाणी. वेग वाढला की ते पाणी आपणहून जड बाजूच्या समोर जाऊन थांबतं. कुणी न सांगता पाण्यानंच पाण्याचा तोल सावरावा, हे मला फार सुंदर वाटतं.

लहान टाकीत मात्र तोल आपल्याच हातात. जड कपडे तळाला, हलके वर, सगळीकडे सारखे दाबून, आणि त्यावर जाळीदार झाकण. एकटी जीन्स टाकली तर ती एका बाजूला बसणारच, समोर एखादा टॉवेल द्यावा. धडधड थांबत नसेल तर मशीन हातानं दाबून धरण्यात अर्थ नाही, बंद करून कपडे पुन्हा लावावेत. रेनकोट, रेक्झिनचं टेबलक्लॉथ, प्लास्टिकचा पडदा यांना तिथं जागाच नाही. त्यांच्या घडीत पाणी अडकून राहतं आणि भर वेगात ते एकदम सरकलं तर मशीन उलटूही शकतं. झाकण उघडताच ब्रेक लागून ड्रम काही सेकंदांत थांबायला हवा. थांबत नसेल तर त्या दिवशी दुसरं काम बाजूला ठेवून मेकॅनिकला बोलवावं. फिरत्या ड्रममधला कपडा हाताभोवती गुंडाळला तर हात निकामी होतो. घरात मुलं असतील तर हे पुन्हा पुन्हा सांगायला मी संकोच करत नाही.

रेशमी नि लोकरीच्या कपड्यांना एखादं मिनिट पुष्कळ. सुती कापड धाग्याच्या आतही पाणी धरतं, ते कितीही फिरवलं तरी पूर्ण निघत नाही. युरोपात मशीनच्या लेबलावर पिळण्याची वेगळी श्रेणी असते. सगळ्यात वरच्या श्रेणीतसुद्धा शंभर किलो कोरड्या कपड्यात चाळीसेक किलो पाणी उरू शकतं. ते वाऱ्यानं न्यायचं. एक लिटर पाणी उष्णतेनं वाफ करून उडवायचं तर साधारण दोन तृतीयांश युनिट वीज लागते. दीडशे वॉटची मोटर पाच मिनिटं फिरवायला युनिटचा ऐंशीवा भागच पुरतो.

त्या ऐंशीव्या भागाचं मोल जुलैत कळतं. आठ-आठ दिवस ऊन नाही, घरभर दोऱ्या, आणि गणवेशाला कुबट वास. कोकणात तर तिसऱ्या दिवशीही बाही दमटच. पिळून काढलेला कपडा पंख्याखाली रात्रीत सुकतो.

आई टायमरकडे कधी पाहायची नाही. ती मोरीत सोडलेल्या पाइपकडे कान द्यायची. आधी धार, मग करंगळीएवढी, मग थेंब. थेंब तुटला की बटण बंद. ड्रमला कडं होऊन चिकटलेले कपडे ती सोडवायची, एकेक जोरात झटकायची आणि काठीनं उंच दांडीवर टाकायची. चादरही. एकटीनं.