नवा गुडघा, लेखांक ५ : पायाचा ओळंबा

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये सांध्याचे झिजलेले पृष्ठभाग काही मिलिमीटर जाडीने कापून काढतात. मांडीच्या हाडावर कोबाल्ट-क्रोमची टोपी, नडगीवर धातूची बैठक आणि मधे पॉलिथिलिनचा थर बसतो. हे काप कोणत्या कोनात घेतले, त्यावर पायाची रेषा ठरते. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंतचा ओळंबा गुडघ्यातून कुठे जातो, हे उभ्याने काढलेल्या पूर्ण पायाच्या एक्स-रेवर मोजतात. तो आतल्या बाजूने गेला की पाय फेंगडा दिसतो आणि शरीराचा भार आतल्या कप्प्यावर पडतो. भारतात झिजलेले गुडघे बहुतेक असेच असतात. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठसारख्या डोंगराळ गावात, जिथे उतारावरून ये-जा, वाकून भातलावणी आणि उकिडवे बसून घरकाम हे रोजचेच, तिथे असा गुडघा माणसाला घरी बसवतो.

पारंपरिक पद्धत ओळंबा गुडघ्याच्या मध्यातूनच नेते. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल आणि भारतीय वंशाचे चित्तरंजन राणावत यांच्या चमूने घडवलेला ‘टोटल कॉन्डिलर’ गुडघा 1974 मध्ये वापरात आला आणि त्याबरोबर ही शिस्त रुजली. याच राणावतांनी 2000 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा गुडघा बदलला. या पद्धतीत नडगी काटकोनात कापतात. मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून तिच्याशी साधारण 5 ते 7 अंशांचा कोन धरतात. आखडलेले लिगामेंट सैल करून सांध्याचा तोल साधतात. 1991 च्या एका ब्रिटिश अभ्यासात ओळंबा 3 अंशांच्या आत असलेल्या गुडघ्यांपैकी 3 टक्के, तर त्याबाहेरच्यांपैकी 24 टक्के सैल झाले होते. पुढची दोन दशके ‘3 अंश’ हा जवळजवळ कायदाच ठरला.

पण निसर्गाने सगळ्यांचे पाय एका मापाने घडवलेले नाहीत. सांध्याची आडवी रेषाच मुळात सुमारे 3 अंश आत कललेली असते. बेल्जियममधल्या 2012 च्या एका अभ्यासात निरोगी तरुणांचे पाय मोजले, तेव्हा 32 टक्के पुरुष आणि 17 टक्के स्त्रियांचे पाय मुळच्या घडणीनेच 3 अंश वा अधिक फेंगडे निघाले. अशांना ओळंब्यात बसवायचे, तर आयुष्यभर त्या घडणीशी जुळलेले लिगामेंट सोडवावे लागतात. त्याआधी, 2010 मध्ये, अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने 398 गुडघ्यांचा 15 वर्षांचा हिशेब मांडला होता. 3 अंशांच्या आतले गुडघे बाहेरच्यांपेक्षा जास्त टिकल्याचे त्यात दिसले नाही.

म्हणूनच कॅलिफोर्नियाचे सर्जन स्टीफन हॉवेल यांची ‘कायनेमॅटिक’ पद्धत वेगळा हिशेब धरते : जितकी जाडी बसवायची तितकीच कापायची, झिजलेली कूर्चा आणि करवतीची जाडी मोजून. रुग्णाचा मूळ कोन परत येतो, लिगामेंटला सहसा हात लागत नाही. फार वाकडा पाय मात्र तसाच ठेवणे धोक्याचे; म्हणून अनेक सर्जन काही अंशांची मर्यादा घालून मधला मार्ग धरतात.

परिणामांबाबत उत्साह आवरायला हवा. काही चाचण्यांत कायनेमॅटिक गुडघ्यांच्या रुग्णांना वेदना कमी आणि हालचाल बरी आढळली, तर काहींत फरकच दिसला नाही. पारंपरिक पद्धतीला अनेक दशकांच्या अनुभवाचा आधार आहे, नवीला तेवढा नाही. पारंपरिक पद्धतीतही साधारण पाचांतला एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो, आणि त्याचे कारण केवळ कोन नव्हे. ऑपरेशनमध्ये वापरला जाणारा रोबो आधी ठरवलेला कोन अधिक अचूक गाठतो; कोणता कोन ठरवायचा, तो निर्णय सर्जनचाच. भारतात 2017 पासून इम्प्लांटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, रोबोच्या वापराच्या आकारावर ती लागू नाही. नंतर गुडघा किती वाकेल, हेही बरेचसे ऑपरेशनआधी तो किती वाकत होता त्यावर अवलंबून असते.

म्हणून रोबो आहे का, हे विचारण्याआधी रुग्णाने उभ्याने काढलेला पूर्ण पायाचा एक्स-रे मागावा आणि आपला पाय किती अंशांवर ठेवणार, का, हे सर्जनकडून समजून घ्यावे.