‘निरपराध’, ‘निर्दोष’ आणि ‘निष्कलंक’ : एक शब्दविचार

ज्याने लैंगिक गुन्हा केलेला नाही, अशा व्यक्तीसाठी मराठीत कोणता शब्द आहे? ‘निरपराध’, ‘निर्दोष’, ‘दोषमुक्त’, ‘निष्कलंक’ हे शब्द चटकन सुचतात आणि बहुधा समानार्थी म्हणून योजले जातात. त्यांच्या अर्थकक्षा वेगळ्या करणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

‘निरपराध’ हा शब्द कृतीविषयी बोलतो : अपराध केलेलाच नाही. न्यायालयीन परिभाषा मात्र प्रक्रियेविषयी बोलते. खटला चालविण्यास पुरेसा आधार नाही म्हणून आरोपनिश्चितीपूर्वीच आरोपीला सोडले, तर ती दोषमुक्ती. खटला चालून आरोप सिद्ध झाला नाही, तर निर्दोष मुक्तता. संशयाचा फायदा मिळालेलाही ‘निर्दोष’च ठरतो आणि ते न्याय्य आहे, कारण दोष सिद्ध होईपर्यंत प्रत्येक आरोपी निर्दोष मानला जातो. परंतु ‘सिद्ध झाले नाही’ यावरून ‘घडले नाही’, आणि त्यावरून ‘फिर्याद खोटी होती’, असे अनुमान काढले जाते, तेव्हा तो अर्थ शब्दाचा नसून वाचणाऱ्याचा असतो. उलटपक्षी, जो खरोखर निरपराध आहे, त्यालाही निकालातून बहुधा याहून निराळा शब्द मिळत नाही.

‘निष्कलंक’ हा न्यायालयाचा नव्हे, समाजाचा शब्द. खरी विसंगती येथे आहे. बलात्काराच्या घटनेत जिचे निरपराधित्व निर्विवाद असते, ती अत्याचारित स्त्री. आणि भाषा कलंक लावते तोही तिलाच. ‘तिची अब्रू गेली’, ‘ती बाटली’ या वाक्यांच्या रचनेत गुन्हेगाराला स्थानच नाही. फारसीतून आलेल्या ‘अब्रू’चा मूळ अर्थ चेहऱ्याचे पाणी, म्हणजे तेज, ते जाते तिचे, त्याचे नव्हे. ‘विनयभंग’ या कायद्याच्या परिभाषेतील शब्दातही भंगतो तो तिचा विनय. याउलट ‘बलात्कार’ हा संस्कृत शब्द ‘बळाने करणे’ एवढेच सांगतो आणि बळ योजणाऱ्याकडे निर्देश करतो.

कथा-कादंबऱ्यांचे अध्यापन करताना ‘शील गमावलेली नायिका’ असे आपण सहज बोलून जातो. तिने काहीही गमावलेले नसते. तिच्यावर अत्याचार झालेला असतो. ‘निरपराध’ या शब्दावर पहिला अधिकार तिचा आहे. आरोपीच्या बाबतीत शब्द निकालाने ठरतो. तिच्या बाबतीत तो निकालावर अवलंबून ठेवण्याचे कारण नाही.